'साहित्य' आणि मुद्देमाल

मराठीत 'साहित्य' या शब्दाचे दोन अर्थ एकमेकांच्या शेजारी बिनतक्रार राहतात. बांधकामाचे साहित्य, पूजेचे साहित्य, शालेय साहित्य. आणि साहित्य संमेलनातले साहित्य. बंगालीत असे होत नाही. इथे कोलकात्यात 'साहित्य' म्हटले की फक्त वाङ्मय. विटा-सिमेंटला कोणी साहित्य म्हणणार नाही. दोन भाषांच्या मधे बसून काम करणाऱ्याला असे फरक जपून ठेवायची सवय असते, कधीतरी गप्पांत सांगायला उपयोगी पडतात म्हणून. पण लहान मुलांच्या ऑनलाइन लैंगिक शोषणाविषयीचा मजकूर मराठीत आणायची वेळ आली तेव्हा हा फरक गप्पांपुरता राहिला नाही. इंग्रजीतल्या 'मटेरिअल'साठी आपल्या पोलीस-पत्रकांनी आणि वर्तमानपत्रांनी रुळवलेला शब्द आहे 'अश्लील साहित्य'. अमक्याच्या मोबाईलमध्ये 'लहान मुलांचे अश्लील साहित्य' सापडले, अशा धर्तीचे वाक्य मराठी वाचकाच्या डोळ्याला आता खुपतसुद्धा नाही.

ते वाक्य एकदा व्याकरणाने वाचून पाहावे. 'मुलांचे' ही षष्ठी. मुलांचे काय, तर साहित्य. कसे, तर अश्लील. म्हणजे गुन्ह्याची मालकी मुलांकडे, विशेषण त्यांच्या चित्राला, आणि ज्याच्या मोबाईलमध्ये हे सापडले तो वाक्याच्या कडेला, नुसता 'आढळले'च्या सोयीसाठी. एखाद्या पोरीवर झालेल्या अत्याचाराचे कोणी चित्रीकरण केले, ते विकले, हजारोंनी पाहिले. यातला एकही कर्ता त्या वाक्यात नाही. आहे ती फक्त ती पोर आणि तिची अश्लीलता.

या लेखात मला एका मजकुराची समीक्षा करायची आहे. तो मजकूर म्हणजे सर्वोच्च न्यायालयाचा २३ सप्टेंबर २०२४ चा निकाल. 'जस्ट राइट्स फॉर चिल्ड्रन अलायन्स' या नावाने तो ओळखला जातो. खंडपीठावर सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती जे. बी. पारडीवाला होते, निकाल लिहिला पारडीवालांनी. साहित्याच्या नियतकालिकात न्यायनिर्णयाची समीक्षा कशाला, असे कोणाला वाटेल. पण या निकालाच्या गाभ्याशी एका शब्दाचा प्रश्न आहे, आणि शब्दाचा प्रश्न असेल तिथे आपण गैरहजर राहणे बरे नव्हे. 'चाइल्ड पोर्नोग्राफी' हा शब्द देशातल्या कोणत्याही न्यायालयाने आदेशात किंवा निकालात वापरू नये, त्याऐवजी मुलांच्या लैंगिक शोषणाची व अत्याचाराची सामग्री अशा अर्थाची संज्ञा वापरावी, असे या निकालाने सांगितले. संसदेने कायद्यातला शब्द बदलावा असे सुचवले. तोवर सरकारने वटहुकमाचा विचार करावा, असेही सुचवले. सुचवण्याला मुदत नसते, हे जाता जाता.

ज्या निकालाविरुद्ध हे अपील होते तो मद्रास उच्च न्यायालयाचा, ११ जानेवारी २०२४ चा. एका तरुणाच्या मोबाईलमध्ये दोन फिती सापडल्या होत्या. उच्च न्यायालयाने म्हटले की त्या नुसत्या जवळ असणे किंवा खाजगीत पाहणे हा गुन्हा होत नाही, आणि खटला रद्द केला. पुढे न्यायालय आजच्या पिढीला लागलेल्या पोर्न पाहण्याच्या व्यसनाविषयी बोलले, शिक्षेपेक्षा समजावणे बरे असे बोलले. वाईट हेतूने लिहिलेला हा निकाल नव्हे. त्यात कणव आहे. पण कथनाच्या अंगाने पाहिले तर त्या कथेचा नायक तो तरुण आहे. त्याची सवय, त्याचे भविष्य, त्याच्यावर समाजाने करायची माया. फितीतली मुले त्या कथेत पात्र म्हणून येतच नाहीत. ती वस्तू आहेत, मोबाईलमधली.

सर्वोच्च न्यायालयाने जे केले ते मूलतः नायक बदलण्याचे काम आहे. चित्रातले मूल मध्यभागी आणले, आणि मग सगळा मजकूर वेगळा वाचता आला. फीत जवळ ठेवणे, ती न पुसणे, कोणाला न कळवणे, यांतून पुढे पाठवण्याचा हेतू ताडता येतो असे म्हणून पॉक्सोच्या कलम १५ मधल्या तिन्ही उपकलमांना स्वतंत्र गुन्हे मानले. पडद्यावर पाहून बंद केले, डाउनलोड केले नाही, तरी ताब्यात घेतल्यासारखेच होऊ शकते, हेही सांगितले. फीत दर वेळी पाहिली जाते तेव्हा त्या मुलावरचा अत्याचार पुन्हा घडतो, हा या वाचनाचा पाया. मला ते पटते. वाचकप्रतिसादाचे सिद्धान्त शिकलेल्या माणसाला तर लगेच पटावे: वाचल्याशिवाय संहिता पुरी होत नाही, असे आपणच ना म्हणत आलो?

तरीही माझ्या ओळखीच्या साहित्यिक मंडळींत या निकालाविषयी एक अस्वस्थता जाणवली. ती कुठून येते हे मला ठाऊक आहे, कारण ती आमच्या घराण्यातच आहे. जादवपूरचा तौलनिक साहित्याचा विभाग १९५६ साली बुद्धदेव बसूंनी सुरू केला, आणि त्याच बुद्धदेव बसूंच्या १९६७ च्या 'रात भरे बृष्टि'वर अश्लीलतेचा खटला झाला. खालच्या न्यायालयाने ती कादंबरी अश्लील ठरवली. उच्च न्यायालयात ती सुटली. समरेश बसूंची 'प्रजापति' १९६७ च्या शारदीय 'देश'मध्ये आली, तिच्यावरचा खटला १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात संपला, आणि त्यात बचावाच्या बाजूने साक्षीला उभे राहिलेल्यांत बुद्धदेव बसू आणि नरेश गुहा होते, दोघेही आमच्याच विभागाचे. मराठीकडे वळलो तर चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा', 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातली; तिची सुटका १९६९ मध्ये. मुंबईच्या पुस्तकविक्रेत्याचा लॉरेन्सच्या कादंबरीवरून झालेला खटला, १९६४. तो मात्र हरला. वसंत दत्तात्रेय गुर्जरांच्या 'गांधी मला भेटला'चे प्रकरण तर २०१५ पर्यंत चालले. या सगळ्यातून आपली एक प्रतिक्षिप्त क्रिया तयार झाली आहे. 'अश्लील' हा शब्द कायद्याच्या तोंडून ऐकला की आपण लेखकाच्या बाजूला जाऊन उभे राहतो. ती सवय चांगली आहे आणि ती सुटू नये.

पण अश्लीलतेचा कायदा कोणाला वाचवतो? १८६८ च्या इंग्रजी हिक्लिन खटल्यापासून उत्तर एकच: वाचकाला. ज्यांची मने अशा प्रभावांना खुली आहेत, ती बिघडतील का, एवढाच प्रश्न. भारतात ही कसोटी सर्वोच्च न्यायालयाने बाजूला ठेवली ती २०१४ मध्ये, आणि तेही कोलकात्याच्याच एका खटल्यात, आनंदबाजार समूहाच्या नियतकालिकांनी छापलेल्या बोरिस बेकरच्या छायाचित्रावरून. कसोटी बदलली, समाजाचे समकालीन मापदंड आले, पण धोक्यात कोण हा प्रश्न तसाच राहिला: पाहणारा. काकोडकरांच्या श्यामाला कोणी इजा केली नव्हती, कारण श्यामा नव्हतीच. ती शाईची होती. मोबाईलमधली पोर शाईची नाही.

एवढी साधी गोष्ट 'पोर्नोग्राफी' हा शब्द झाकतो, आणि आपला 'अश्लील' तर जास्तच झाकतो. तो शब्द आला की आपण पुन्हा पाहणाऱ्याच्या मनाविषयी बोलू लागतो. मद्रासच्या निकालात नेमके तेच झाले, आणि मला वाटते आपल्या मंडळींच्या अस्वस्थतेतही तेच होते. एक जण बिघडलेल्या पाहणाऱ्याला समजावू पाहतो, दुसरा त्याच्या स्वातंत्र्याची काळजी करतो, दोघांच्याही नजरेला पाहणाराच दिसतो. आंतरराष्ट्रीय पातळीवर या संज्ञांचा विचार बराच आधी झाला; २०१६ ची लक्झेंबर्ग मार्गदर्शक तत्त्वे त्यासाठीच होती. आपण मात्र २०१९ मध्ये पॉक्सोत दुरुस्ती करताना 'चाइल्ड पोर्नोग्राफी'ची व्याख्या कायद्यात नव्याने घातली. जगाने जो शब्द टाकायला घेतला तो आपण तीन वर्षांनी सन्मानाने घरात आणला.

वर्तमानपत्री भाषेबद्दल थोडे सविस्तर बोलले पाहिजे, कारण कायद्यापेक्षा ती रोज वाचली जाते. मराठी बातमीत लहान मुलाशी 'अश्लील चाळे' केले असे लिहितात. चाळे! हा शब्द आपण कोणासाठी वापरतो? खोडकर पोराचे चाळे, माकडचाळे, आजारपणातून उठलेल्या बाळाचे चाळे पुन्हा सुरू झाले म्हणून आजी हसते ते चाळे. पन्नाशीच्या पुरुषाने सात वर्षांच्या मुलीला जे केले त्याला हा शब्द लावला की ते कृत्य त्या मुलीच्याच वयाचे होऊन जाते, खेळातले. 'नको ते चाळे' तर आणखी पुढचे: काय नको ते बोलायचे नाही, वाचकाने समजून घ्यायचे आणि थोडे चोखंदळपणे पुढे जायचे. बंगाली वर्तमानपत्रांचा लाडका शब्द आहे 'श्लीलताहानि'. आपला 'विनयभंग' त्याचाच मावसभाऊ. दोन्हींत हानी होते ती मुलीच्या श्लीलतेची किंवा विनयाची, जणू तो तिच्याकडे सांभाळायला दिलेला काचेचा पेला होता. फरक एवढाच की बंगालीत निदान 'श्लील' हा शब्द अजून जिवंत आहे. मराठीत आपण फक्त 'अश्लील' ठेवला आणि त्याचा उलटा हरवून बसलो.

शब्द चुकला तर निकाल चुकतो याचे उदाहरण शोधायला दूर जायला नको. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने पॉक्सोच्या कलम ७ मधल्या स्पर्शाचा अर्थ लावताना त्वचेचा त्वचेला स्पर्श हवा असे म्हटले. कपड्यावरून झाला तर ते कलम नाही. हे वाचन मी विद्यार्थ्यांना वाईट भाषांतराचा नमुना म्हणून दाखवते. शब्दकोश बरोबर, वाक्य चूक. नोव्हेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले: लैंगिक हेतू महत्त्वाचा, कापडाची जाडी नव्हे.

पण नव्या निकालाची आरती ओवाळून थांबणे हेही समीक्षकाचे काम नव्हे. ज्या कायद्याचा त्याने इतका समंजस अर्थ लावला, तो कायदा स्वतः फारसा समंजस लिहिलेला नाही. कलम १५ चे पहिले उपकलम घ्या. मुलांच्या शोषणाची सामग्री पुढे पाठवायच्या हेतूने जवळ ठेवली, पुसली नाही, कळवली नाही, तर दंड: किमान पाच हजार रुपये. दुसऱ्यांदा सापडला तर किमान दहा हजार. तुरुंगवास पहिल्या उपकलमात नाहीच. प्रत्यक्ष प्रसार किंवा व्यापार असेल तर पुढची उपकलमे आहेत, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७-ब खाली पाच वर्षांपर्यंत कैद व दहा लाखांपर्यंत दंड आहे, हे खरे. तरी पाच हजार हा आकडा मला सलतो. एका बऱ्या मोबाईलची किंमतही त्याहून जास्त असते.

कलम ६७-ब ची गोष्ट आणखी मजेशीर, म्हणजे ज्याला भाषांतराच्या इतिहासात रस आहे त्याला. या कलमाला एक परंतुक आहे. विज्ञान, साहित्य, कला किंवा विद्या यांच्या हितासाठी जे पुस्तक, लेखन, चित्र वगैरे प्रसिद्ध होते त्याला हे कलम लागू नाही. हे परंतुक जुन्या दंडविधानाच्या कलम २९२ मधून, अश्लीलतेच्या कलमातून, जवळपास तसेच उचललेले आहे. म्हणजे कायदा करणाऱ्यांच्या मनातही मुलांवरचा अत्याचार हा अश्लील पुस्तकाचाच एक उपप्रकार होता. आणि कलमाच्या मजकुरात प्रतिमांच्या जोडीने 'टेक्स्ट'ही आहे. बालपणीच्या लैंगिक अत्याचाराविषयी लिहिणाऱ्या कादंबरीकाराला, आत्मचरित्र लिहिणाऱ्या बाईला, त्या परंतुकाचा आधार घ्यावा लागू शकतो. ते तिला नक्कीच मिळावे. पण दोन वेगळ्या गोष्टी दोन वेगळ्या कलमांत असत्या तर तिला आरोपीच्या जागेवरून आपले साहित्यमूल्य सिद्ध करत बसावे लागले नसते. शब्दांत जे वर्णिले आहे आणि देहावर जे घडले आहे, यांत कायद्याने रेघ ओढावी. आपल्या मंडळींनी निकालाला नाके मुरडण्याऐवजी ही मागणी केली असती तर जास्त उपयोगाचे झाले असते.

संगणकाने तयार केलेल्या चित्रांचे काय, हा प्रश्न मला अनेकांनी विचारला. तिथे तर खरे मूल नसते, मग तुमचा शाईचा मुद्दा? पॉक्सोची २०१९ ची व्याख्या खऱ्या मुलापासून वेगळी ओळखता न येणाऱ्या संगणकीय प्रतिमांनाही कवेत घेते, आणि त्या वेळी ते दूरदृष्टीचे होते असे आज म्हणावे लागेल. ही चित्रे बनवणारी यंत्रे खऱ्या छायाचित्रांवर पोसलेली असतात; शाळेच्या स्नेहसंमेलनाचा फोटो समाजमाध्यमावर टाकला की त्यातला चेहरा कोणत्या देहाला चिकटवला जाईल हे आईबापांच्या हातात राहत नाही. तेव्हा 'खरे मूल नाही' हे म्हणणे बहुधा खोटे असते. जिथे ते अगदी खरे असेल, म्हणजे हाताने काढलेले चित्र, व्यंगचित्र, चित्रकादंबरी, तिथे मात्र मी अजून लेखकाच्या बाजूच्या बाकावर बसते.

आणि एक बाजू, जिथे कायद्याच्या समर्थकांनी थबकावे. अठरा वर्षांखालचा प्रत्येक जण मूल, ही पॉक्सोची व्याख्या. सोळा-सतरा वर्षांच्या दोघांनी एकमेकांना आपले फोटो पाठवले तर कायद्याच्या शब्दांत दोघेही अत्याचारग्रस्त आणि दोघेही गुन्हेगार. ज्या ढालीने त्यांना वाचवायचे तीच त्यांच्या डोक्यात घालायची, असा हा प्रकार. कोलकाता उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये पॉक्सोच्याच एका खटल्यात मुलींनी आपल्या इच्छांना आवर घालावा असा उपदेश निकालात लिहिला. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायमूर्ती अभय ओक यांच्या खंडपीठाने तो निकाल रद्द करताना न्यायाधीशाने प्रवचन करायचे नसते हे स्पष्ट केले. ओकांचे गद्य कोरडे असते. या विषयावर मला कोरडे गद्य आवडते. जवळच्या वयाच्या मुलांसाठी कायद्यात वेगळा अपवाद हवा, आणि तो न्यायाधीशाच्या दयेवर सोडलेला नको.

बंगाल आणि महाराष्ट्र या विषयावर पूर्वीही एकत्र भांडले आहेत. १८९० मध्ये कोलकात्यात फुलमणी दासी ही दहा-अकरा वर्षांची मुलगी पतीच्या समागमाने मरण पावली. ती दहाच्या पुढची आणि लग्नाची बायको, म्हणून बलात्काराचा गुन्हा लागूच शकला नाही. नवऱ्याला एक वर्षाची सक्तमजुरी झाली. मार्च १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा आला आणि वय दहावरून बारावर गेले. पुण्यात टिळकांनी परक्या सरकारने घरात शिरू नये म्हणून विरोध केला, भांडारकरांनी शास्त्रवचने काढून कायद्याची बाजू घेतली, आगरकरांचा 'सुधारक' कायद्याच्या बाजूने. कोलकात्यात 'बंगवासी'ने इतके जहाल लिहिले की त्या पत्रावर राजद्रोहाचा खटला झाला. दोन्ही शहरांतला तो वाद वाचताना एक गोष्ट ठसते: गर्भाधानाचा संस्कार कधी करावा यावर पानेच्या पाने आहेत, सरकारच्या अधिकारावर पानेच्या पाने आहेत, आणि फुलमणी मात्र डॉक्टरांच्या साक्षीत एक देह म्हणून येते. धर्म, राष्ट्र, घर हे त्या कथेचे नायक. आज 'घर'च्या जागी 'फोन' आहे. मी दोन्हींना एकच म्हणत नाही. २०१७ नंतर खाजगीपणा हा आपला मूलभूत हक्क आहे, आणि सरकारने प्रत्येकाचे संदेश उघडून पाहावेत असे मला मुळीच वाटत नाही. पण खाजगीपणाचे नाव घेताना कोणाचा खाजगीपणा, हा प्रश्न टिळकांच्या काळी राहून गेला तसा आता राहू नये. ज्या मुलाची फीत दहा देशांत फिरते आहे, त्याचाही खाजगीपणा त्या बेरजेत धरायचा आहे.

कंपन्यांच्या बाबतीत निकाल कडक आहे, आणि असायला हवा. अमेरिकेतल्या बेपत्ता व शोषित मुलांसाठीच्या राष्ट्रीय केंद्राकडे २०२३ या एका वर्षात ३ कोटी ६० लाखांहून अधिक सूचना आल्या, बहुतेक या कंपन्यांकडूनच. तिथे कळवले की आमचे काम झाले, असे म्हणून भारतात कायद्याचे संरक्षण मागता येणार नाही. पॉक्सोखाली इथल्या यंत्रणेलाही कळवावे लागेल, असे न्यायालयाने म्हटले.

राहता राहिला शब्द. 'सामग्री' मला पसंत नाही. पूजेची आणि लग्नाची आठवण येते. 'साहित्य' तर मुळीच नको. पोलीस ठाण्याच्या मराठीत एक जुना, ओबडधोबड शब्द आहे: मुद्देमाल. गुन्ह्यातून आलेली, गुन्ह्याचा पुरावा असलेली, जप्त करून पंचनाम्यात नोंदवायची वस्तू. तिची कोणी साहित्यमूल्याने चर्चा करत नाही. 'बाल लैंगिक अत्याचाराचे चित्रीकरण' आणि पुरावा म्हणून त्याचा 'मुद्देमाल', एवढ्या दोन शब्दांत बहुतेक काम भागते. यंत्राने बनवलेल्या प्रतिमेला 'चित्रीकरण' बसत नाही, तिथे 'बनावट प्रतिमा' असे सरळ म्हणावे. हे ठरवायला सर्वोच्च न्यायालयाची गरज नाही. महाराष्ट्रात भाषा संचालनालय आहे, त्याचा 'न्यायव्यवहार कोश' आहे. दिल्लीच्या निकालातली इंग्रजी संज्ञा लातूरच्या किंवा चंद्रपूरच्या ठाणे अंमलदारापर्यंत आपोआप पोहोचत नाही. फिर्याद तो मराठीत लिहून घेतो, हाताशी असलेल्या शब्दांत, समोर बसलेल्या आईला वाचून दाखवतो आणि खाली सही घेतो. त्या कागदावर अजून 'मुलीचे अश्लील व्हिडिओ' असेच लिहिले जाते, आणि पुढे दोषारोपपत्रात, बातमीत, शेजाऱ्यांच्या बोलण्यात तोच षष्ठी प्रत्यय तिच्या मागे जातो.